आतली कडी

ये, अशी पुढं ये. उंबऱ्यात काय उभी राहिलीस? काल म्हणे तू खोली बघून आलीस आणि हो पण म्हणून बसलीस. दाराला आतून कडी आहे का, ते बघितलंस? नाही ना? वाटलंच मला. शिकलेल्या मुली तुम्ही, एसी बघता, मेट्रो किती लांब ते मोबाईलवर मोजता, आणि ज्याच्या आड झोपायचं ते दार तेवढं बघत नाही. बस आता इथं. चहा टाकलाय. तो उकळतोय तोवर तुला तिच्याबद्दल सांगते. चहा संपला तरी मी थांबणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

ती कुठलीही खोली बघायला गेली की एजंटाला बाहेर उभं करायची, आपण आत शिरायची, दार लावून कडी घालायची आणि आतून ओरडायची, "पुश!"

एजंट बिचारा दाराला हळूच बोटं लावायचा.

"असं नाही हबीबी. तुला आत यायचंच आहे असं समजून ढकल!"

मग तो खांदा लावायचा. दार करकरलं, हललं, फटीतून उजेड दिसला, की ती कडी काढून बाहेर यायची, "खलास," म्हणायची आणि सरळ जिना उतरायची. लिफ्टची वाटसुद्धा बघायची नाही. शाळेत पोरांना पोहायला शिकवायची ती. उंच, खांदे असे रुंद की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून तिरपी यायची. केस मानेपर्यंत कुरळे, नि हसली की खालच्या दुकानातला माणूस वर बघायचा.

त्रिनिदादची होती. आता त्रिनिदाद म्हणजे कुठं, ते मला काय ठाऊक? नातीला विचारलं. ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, इट्स अ‍ॅन आयलंड. नियर साउथ अमेरिका. ओके?" म्हटलं, ओके.

ती आमच्या घरी पहिल्यांदा आली ती एका एजंटाबरोबर. त्याचं आधी सांगायला हवं. तो आपल्याच कोकणातला. पहिल्या दिवशी वाकून पाया पडला, 'काकू, काकू' करत स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि माझ्या माहेरच्या गावापासून त्याचं गाव खाडीपलीकडे निघालं. झालं! मी पाघळले. परदेशात आपल्या बोलीतलं कुणी भेटलं की माणूस असं पाघळतंच. टोकदार चकचकीत बूट घालायचा. दाराबाहेर काढताना रुमालानं पुसून, जोडीनं नीट ठेवायचा. मला तर त्याचंही कौतुक.

एकदा म्हणाला, "काकू, शेजारच्या बिल्डिंगमध्ये आपला एक फ्लॅट आहे, सेम टु सेम असाच. चावी मालकाकडे राहिलीय. पार्टी खाली उभी आहे. दोन मिनिटं तुमचा दाखवू?"

आता आमचं इथलं, दुबईच्या करामातलं घर जुनं, पण मी ते कसं ठेवते ते तुला माहीत आहे. बाल्कनीत तुळस, पितळी भांडी घासलेली, गॅसवर कायम कसली तरी फोडणी. कुणी आपलं घर बघायला मागितलं तर नको कोण म्हणतं? दाखव म्हटलं. आणि आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं नाही ही आमच्या आईची शिस्त, म्हणून मी चहाही दिला. मग हे नेहमीचंच झालं. तो कधी फिलिपिनो मुली आणायचा, कधी केरळचे नवराबायको, आणि मी प्रत्येकाला चहा देत गेले. तो मात्र बाल्कनीत जाऊन फोनवर बोलत बसायचा. "यल्ला, यल्ला, इन्शाल्ला उद्या फायनल."

तशीच एके दिवशी ती आली. तव्याकडे बोट करून ओरडली, "टावा!" मग पोळपाटाशेजारचं लाटणं उचललं, "बेलना!" मी बघतच राहिले. तिच्या वडिलांची आई आपल्याकडच्या लोकांपैकी, फार पूर्वी बोटीतून ऊस तोडायला नेलेल्यांच्या वंशातली. तिलाही ती 'आजी'च म्हणायची, म्हणून मलाही आजी म्हणू लागली. तिच्याकडे दालपुरी करतात. कशी, ते तिनं हातांनी करून दाखवलं. मी नातीला म्हटलं, "अगं, ही पुरणपोळीच की. गूळ घालायला विसरली एवढंच." ते तिला कळलं तेव्हा ती टेबलावर हात आपटून हसली. ती इंग्रजीत बोलायची, मी माझ्या हिंदीत, मध्ये नात. तुला मी सगळं सरळ मराठीतच सांगतेय.

चहा पिता पिता तिनं मुलीचा फोटो दाखवला. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, पुढचा दात पडलेला. मुलगी तिकडे तिच्या आईपाशी होती. आई थकलेली. मुलीला इकडे आणायचं तर राहत्या घराचा रीतसर कागद हिच्या नावावर हवा, त्याशिवाय मुलीचा व्हिसा होत नाही. म्हणून पगारात बसेल असं, आणि लहान मुलीला निर्धास्त ठेवता येईल असं घर शोधत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, असं घर असेल तर मला चालेल."

एजंट बाल्कनीतून म्हणाला, "सेम टु सेम, मॅडम!"

त्यानंतर ती काही दिवसांनी आली, एकटी. बेल वाजली, दार उघडलं, तर ती उभी. शेजारी भली मोठी बॅग. हसली नाही.

"यू गेव्ह मी टी," म्हणाली.

मला काही कळेना. नात बाहेर आली. तिनं ते मला सांगितलं. "आजी, शी सेज, तू चहा दिलास. तुझा चहा प्यायले म्हणून मी त्या माणसावर विश्वास ठेवला."

शेजारच्या बिल्डिंगमध्ये सेम टु सेम काही नव्हतंच. होता तो एक हॉल, प्लायवूड ठोकून कप्पे केलेला. तिला मिळाला खिडकीकडचा कप्पा. दार म्हणजे प्लायवूडचाच तुकडा, बिजागऱ्यांवर लटकलेला, कडी नाही. भर दुपारी ती आंघोळ करून आली, तर शेजारच्या कप्प्यातला माणूस हिच्या पलंगावर बसलेला. "चार्जर शोधतोय," म्हणाला. दार ढकललं, उघडलं, म्हणून आलो म्हणाला. तिनं त्याला मानेला धरून बाहेर काढलं, तिचे खांदे तू बघितले नाहीस. पण त्यानंतर ती त्या खोलीत बॅग दाराला लावून, बसून झोपायची.

आणि कागद? मुलीच्या व्हिसासाठी टायपिंग सेंटरला गेली, तिथं सरकारी अर्ज भरून देतात, तर तिथल्या बाईनं कागद उलटसुलट करून परत दिला. त्याला काही अर्थच नव्हता. कुठं नोंद नाही, काही नाही. एजंटानं घरी छापलेला.

तिकडे मुलीनं वर्गात सगळ्यांचा निरोप घेतला होता. दुबईला नवीन मिळतील म्हणून शाळेचे बूट मामेबहिणीला देऊन टाकले होते. आता जायचं रद्द, शाळा सुरू, आणि पायात बूट नाहीत. पोरीला मामाच्या दारात जाऊन दिलेले बूट परत मागावे लागले. मामेबहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "एकदा दिलेलं कुणी परत मागतं का?"

हे सांगताना ती रडली नाही. माझ्या घरातल्या चपलांच्या स्टँडकडे बघत होती फक्त. "माझ्या मुलीला बूट परत मागायला लावले त्यानं," म्हणाली. "तो पण मागेल."

त्या दिवशी तिला चहा विचारायची माझी छाती झाली नाही. पाणी दिलं. ते तिनं घेतलं.

मला राग यायला थोडा वेळ लागला, पण आला तो असा आला की मी फोडणी तशीच टाकून गॅस बंद केला. माझी तुळस, माझी पितळेची भांडी, माझ्या आईची शिस्त, सगळं त्या मेल्यानं विकायला काढलं होतं, आणि मी वर आलं किसून देत होते! अल ऐनला मुलाला फोन लावला. तो आठवडाभर तिकडे कामाला, सुट्टीला घरी. म्हटलं, ही इथंच राहणार. तो म्हणाला, "आई, असं कुणालाही ठेवता येत नाही इथं." म्हटलं, मग कसं ठेवता येतं ते शोध. त्यानं मालकाला विचारून, रीतसर तिचं नाव आमच्या घरात राहणाऱ्यांत चढवलं. त्यावर मुलीचा व्हिसा होणार नव्हता, पण हिच्या पाठीला पलंग मिळाला. नातीच्या खोलीत ती आणि माझी नात. दोघींचं भांडण एकदाच झालं, आणि तेही लोणच्यावरून.

आणि मग आम्ही एजंटाला येऊ दिलं. हो, येऊ दिलं! मी तोंडावर एक रेषसुद्धा हलू दिली नाही. "ये रे बाबा," म्हटलं. "बस. चहा टाकते."

तो गिऱ्हाईक आणायचा, सेम टु सेम म्हणायचा, आणि बाल्कनीत फोनवर जायचा. बाल्कनीचं दार मी मागून लोटून घ्यायचे, एसी चालू आहे म्हणून. मग आतल्या खोलीतून ती यायची, माझ्याच ट्रेमध्ये चहा घेऊन. कप समोर ठेवायची आणि वाकून हळू आवाजात सांगायची, "हे घर ह्या आजीचं आहे. तुम्हाला मिळणार ते लाकडाचं खोकं. आत्ताच्या आत्ता खरी खोली दाखव म्हणा. आत जा, दार लावा, त्याला ढकलायला सांगा." आणि परत आत. लोक चहा पूर्ण प्यायचे मात्र. सोडायचं कुणी नाही.

एक गेलं, दुसरं गेलं. त्याचं गिऱ्हाईक टिकेना. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायचो. म्हणजे पदर माझा, तिनं भांडी पुसायचं फडकं लावलेलं. एवढी मजा मला ह्या देशात आल्यापासून आली नव्हती.

ती एवढ्यावर थांबली नाही. शाळा सुटली की त्या प्लायवूडच्या हॉलमध्ये जायची. तिथं राहणारे बिचारे कामगार, कुणी आपल्या गावाकडचे, कुणी नेपाळचे. एकेकाला बरोबर घेऊन जागा शोधायची. परवडणारी, नावाची नोंद होणारी, दार लागणारी. पुश म्हणून ओरडायची ती तिकडेच शिकली. एकेक कप्पा रिकामा होत गेला. सगळे निघाले, तेव्हा म्युनिसिपालिटीचे तपासणीवाले आले आणि प्लायवूड उतरवून घेऊन गेले. तक्रार कुणी केली, ते मी सांगणार नाही. नातीला फोन फार छान वापरता येतो, एवढंच सांगते.

ह्याच्या थोडं आधीची गोष्ट. एजंट खजुराचा डबा घेऊन आला, तोंड एवढंसं. "काकू, काहीतरी बाधलंय. पार्टी येते, चहा पिते, पळते. तुम्ही मोठ्या आहात. देवाला जरा गाऱ्हाणं घाला."

मला हेच हवं होतं. देवासमोर नारळ ठेवला, त्याला हात जोडून उभं केलं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मांडतो आणि बाकीच्यांनी प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मध्ये गप्प बसता येत नाही. गप्प बसलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं.

"बा देवा म्हाराजा, आज हो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्याचो धंदो बसलो हा, गिऱ्हाईक टिकना नाय."

"व्हय म्हाराजा!" डोळे मिटलेले, आवाज खणखणीत.

"कोणाची वायट नजर लागली आसात, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या लेकरान कोणाक घर दाखवन फसवल्यान आसात, तर जसा घर त्येंका दिल्यान, तसाच ह्याका गावांदे!"

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. मी हात जोडून उभीच. घाम फुटला त्याला, एसीत. खाडीपलीकडच्या गावचा तो. त्याच्या बापजाद्यांनी कधी गाऱ्हाणं अर्धं सोडलं नसेल.

"व्हय... म्हाराजा," म्हणाला.

आतल्या खोलीच्या दारामागे ती उभी होती. तिला शब्द कळले नाहीत, पण त्याचा आवाज कळला. नंतर मी अर्थ सांगितला, ह्यानं लोकांना दिलं तसंच घर ह्यालाही मिळू दे, तेव्हा तिनं माझं कपाळ दोन्ही हातांनी धरून चुंबलं. आणि तेव्हापासून काहीही विचारलं तरी हिचं उत्तर ठरलेलं. भात वाढू? "व्हय म्हाराजा!" गॅस बंद केलास? "व्हय म्हाराजा!" शाळेतल्या तरण तलावावरही म्हणायची म्हणे.

मग एका दुपारी बेल वाजली. एजंट. हातात चाकांची बॅग. तो स्वतःही त्याच हॉलमध्ये, आतल्या बाजूच्या एका कप्प्यात राहायचा, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लाकूड उतरवलं तसं त्याचंही घर गेलं, आणि कामही गेलं. बूट काढून, सवयीनं रुमालानं पुसून त्यानं दाराबाहेर ठेवले आणि आत येऊन बसला.

"काकू, थोडे दिवस. कोपऱ्यात पडून राहीन."

मी काही बोलायच्या आत ती बाहेर आली. त्याला ओळख पटायला क्षण लागला. पटली तसा तो उठायला लागला. तिनं दोन बोटांनी खूण केली, बस. चहा आणला. आलं घातलेला, पूर्ण कप, वर बिस्किटं. दारात आलेल्याला चहा द्यायचा ते द्यायचाच. त्यानं तो प्यायला. मान वर केली नाही.

कप खाली ठेवला तशी ती म्हणाली, "चल, तुला दार दाखवते." त्याला वाटलं, खोलीच दाखवतेय. बॅग घेऊन तो तिच्या मागोमाग बाहेर गेला, तशी ही झटकन आत आली, दार लावलं, कडी घातली.

"पुश!"

बाहेर बॅगेची चाकं तेवढी वाजली.

"पुश, हबीबी! तुला आत यायचंच आहे असं समजून!"

आणि त्यानं ढकललं, गं. खरंच ढकललं. आधी हातानं, मग खांद्यानं. आमचं दार हललं नाही.

मला वाटलं गेला. तेवढ्यात बारीक आवाज आला. "काकू... माझे बूट."

मी स्टँडकडे बघितलं. चकचकीत बूट आमच्या चपलांच्या शेजारी, आत! तो चहा पीत होता तेव्हाच तिनं उचलून आणले होते. आता तिनं ते उचलले आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, बूट छातीशी धरून, लहान मूल धरावं तसे.

"माग," ती म्हणाली. "नीट माग."

"मॅडम, प्लीज. माझे बूट द्या."

"मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

शेजारच्या दोन दारांच्या साखळ्या वाजल्या. लोक डोकावत असणार. तो मोठ्यानं म्हणाला. तेव्हा तिनं दार साखळीएवढं उघडून एक बूट बाहेर दिला, मग दुसरा. देताना म्हणाली, "माझ्या मुलीनंही असेच मागितले." त्याला कळलं नसेल. कळायची गरजही नव्हती.

आता तू मला विचारशील, आजी, वाईट नाही वाटलं? आपल्या बोलीतला पोरगा, बॅग घेऊन जिन्यात? नाही वाटलं. रात्री जेवणही चांगलं गेलं. कुणी कुणी मला सांगतं, सोडून द्यावं, माफ करावं. मी म्हणते, तुम्ही करा. माझ्या घरात त्या दिवशी तिनं मुलीला फोन लावला, बुटांची गोष्ट साभिनय सांगितली, आणि तिकडून ती पोर इतकी हसली, इतकी हसली, की हिला फोन कानापासून लांब धरावा लागला. बूट परत मागितल्यापासून ती आईशी धड बोलत नव्हती. त्या दिवसापासून परत बोलायला लागली. माफ करून हे झालं असतं का, सांग बरं?

पुढं तासाभरावरच्या रास अल खैमाच्या एका शाळेत तिला काम मिळालं. तिकडे भाडी पगारात बसणारी, आणि समुद्र चालत जाण्याजोगा. घर बघायला मला घेऊन गेली. दाराबाहेर मलाच उभं केलं. मी म्हातारी, पण सगळा जोर लावून ढकललं. दार हललं नाही. आतून तिचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" ह्या वेळी कागदावर तिचंच नाव होतं. टायपिंग सेंटरच्या बाईनं काही न बोलता शिक्का मारला.

मुलगी आली तेव्हा विमानतळावर मी गेले होते. दोन वेण्या, दात आलेला, आणि पायात तेच बूट. आता लहान झालेले, टाचा दुमडून चपलेसारखे घातलेले. आईनं तिला उचललं तेव्हा एक गळून पडला. मी तो उचलून पिशवीत घातला.

रास अल खैमाला जायच्या आधी तिनं शेवटचं काम केलं ते आमच्या दाराचं. म्हणाली, त्या एजंटानं ढकललं तेव्हा कडीचा एक स्क्रू सैल झाला. खालच्या दुकानातून नवी पितळी कडी आणली, वॉचमनकडून ड्रिल मागून आणलं, आणि स्वतः बसवली. बघ ती. हात लाव. मी ती पितळेच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासते. आता संध्याकाळी नातीच्या खोलीतला तिचा पलंग रिकामा असतो, आणि कडी घालताना माझ्या तोंडून आपोआप निघतं, पुश. नात म्हणते, "आजी, देअर इज नोबडी." म्हटलं, माहीत आहे गं बाई.

घे, चहा गार झाला तुझा. उद्या त्या खोलीवर जा, आत शीर, आणि एजंटाला ढकलायला सांग. हललं, तर खलास म्हण आणि जिन्यानं ये. इकडेच ये. तसंही आजकाल तुम्ही मुली सणावारीच उगवता. ह्याच शुक्रवारी ये, पुरणपोळ्या करते, तिच्यासाठी चार बिनगुळाच्या. ती लेकीला घेऊन येते म्हणालीय. फक्त बेल वाजव हो. नुसतं ढकललंस तर ते काही उघडायचं नाही.